रूथमावशी आणि लोरेनचा तवा

साळवेमावशींना मी एकदा खोटं सांगितलं होतं. ते आधी लिहून टाकतो. नाहीतर पुढे मी त्यांचं कितीही कौतुक केलं तरी ते खोटंच वाटेल, निदान मला तरी.

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाची जबाबदारी माझ्याकडे असते. शाळेचा हॉल भाड्यानं घेतो, तिथलं मोठं स्वयंपाकघरही मिळतं. साळवेमावशी मुलाकडे राहायला आल्या आणि पहिल्याच वर्षी त्यांनी उकडीच्या मोदकांचा ताबा घेतला. कुणी दिला नव्हता. मी फ्रोजन मोदकांची ऑर्डर द्यायला निघालो होतो, तर त्यांनी माझा फोन काढून घेतला आणि म्हणाल्या, "मी असताना?" बस्स. त्या वर्षापासून गणपतीच्या सकाळी हाताखाली आयटीतल्या बाया-बाप्यांची फौज घेऊन त्या उभ्या असायच्या. गळ्यात शिट्टी. कुणाच्या कळ्या बिघडल्या की शिट्टी वाजायची. "ए, मोदक आहे तो! तू काय मोमो करतोयस?"

मग एका वर्षी मी मतदानाला गेलो. आमचं मतदान केंद्र एका चर्चच्या हॉलमध्ये असतं. रांगेत उभा असताना भिंतीवरच्या बोर्डाकडे लक्ष गेलं. पिवळे टी-शर्ट घातलेल्या लोकांचा फोटो होता आणि मधोमध नऊवारी नव्हे पण अगदी आपली सुती साडी नेसून, वर तोच पिवळा टी-शर्ट ब्लाउजऐवजी घालून, साळवेमावशी हसत होत्या. खाली लिहिलं होतं: रूथ साळवे, मिशन किचन.

तोवर त्यांचं पहिलं नाव आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. आडनावावरून आणि मोदकांवरून आमचं आम्हीच काय ते ठरवून टाकलं होतं. पण मला वाटलं, बाईंनी लपवलं. मी कमिटीतल्या दोघांना फोन केला. "तसं आपल्याला काही नाही रे, पण प्रसादाचं काम आहे. उद्या कुणी काही बोललं तर?" कुणीच काही बोललं नव्हतं. बोलणारा पहिला मीच होतो. ते दोघं "तू बघ" म्हणाले, आणि मी बघितलं. गणपतीच्या आठवडाभर आधी मी मावशींना मेसेज पाठवला: "मावशी, यंदा मोदकांना माणसं पुरेशी झाली आहेत. तुम्ही आराम करा."

त्यांचं उत्तर लगेच आलं. "बरं. उकड काढताना पाण्यात तूप आणि मीठ विसरू नका."

आम्ही विसरलो. त्या वर्षीचे मोदक वाफवताना असे फुटले, की लोकांना सारण आणि उकड वेगवेगळी वाढावी लागली. कुणीतरी त्याला ‘डिकन्स्ट्रक्टेड मोदक’ म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर कित्येक महिने मी मावशींना टाळत होतो. त्या दिसल्या की मी दुकानातली दुसरी ओळ पकडायचो. पण माझी बायको मेधा हिला यातलं काही माहीत नव्हतं. वसंतात एके दिवशी ती इंडियन ग्रोसरीतून मेथी घेऊन आली आणि म्हणाली, "साळवेमावशी भेटल्या. डोंगरात पूर आला होता ना, तिकडे चर्चची माणसं घरं उभी करायला जातात. पुढच्या आठवड्यात मावशी चालल्यात. मी आपलं नाव दिलंय."

"आपलं म्हणजे?"

"आपलं म्हणजे आपलं. तुला एवीतेवी सुट्ट्या संपवायच्याच आहेत."

"अगं, पण चर्चच्या ट्रिपला? आपण?"

"घरं बांधायला चाललेत, मिलिंद. तुला काय वाटतंय, पोचल्या पोचल्या धरून नदीत बुडवून काढतात?"

"नाही, तसं काही नाही," मी म्हणालो. तसंच वाटत होतं.

शनिवारी सकाळी चर्चच्या आवारात पांढरी व्हॅन उभी होती. मावशी पुढच्या सीटवर बसून पोळ्यांचे डबे मांडीवर सांभाळत होत्या. मला पाहताच त्यांनी काच खाली केली. "या, कमिटी! मेधा, तू खिडकीशी बस. कमिटी, तू मागे. तुझे पाय लांब आहेत, पण मागे बसलेला माणूस भांडत नाही."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. कमिटी, चहा घेतलास का. कमिटी, हातोडा असा धरतात का. प्रत्येक वेळी मला वाटायचं, यांना माहीत आहे. मग वाटायचं, कसं माहीत असेल? मेसेजमध्ये तर मी ‘आराम करा’ असं किती प्रेमानं लिहिलं होतं.

प्रवासात त्यांनी नगरच्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या. नगरला मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर होत्या. सगळा जन्म तिथे गेला. गळ्यातली शिट्टी तिथलीच. व्हॅनमधली निम्मी माणसं अमेरिकन, त्यामुळे गोष्ट त्या इंग्रजीत सुरू करायच्या आणि रंगात आल्या की मराठीत शिरायच्या. मेधा भाषांतर करायची. एकदा म्हणे मुलींनी शेजारच्या वस्तीवरचं शेळीचं करडू उचलून कोठीच्या खोलीत लपवलं. करडानं नाताळसाठी करून ठेवलेल्या सगळ्या कागदी चांदण्या खाल्ल्या. मावशींनी शिट्टी वाजवून सगळ्यांना अंगणात उभं केलं. मुली एका सुरात म्हणाल्या, "सॉरी, बाई!"

"मी म्हटलं, सॉरी हे नुसतं झाकण झालं. पातेल्यात काय आहे? झाकण काढा!"

"मग?" पास्टर डॅन गाडी चालवता चालवता म्हणाले. ते आमच्या गटाचे प्रमुख होते.

"मग काय, कोठीतून ते करडूच ओरडलं. त्यानं आधी कबूल केलं."

अख्खी व्हॅन हसली. पास्टर डॅन तर इतके हसले की मावशींनी स्टीअरिंगकडे बोट दाखवून शिट्टी वाजवली. मी मागे बसून खिडकीबाहेर पाहत होतो. डोंगर दिसायला लागले होते.

मावशींची उपासना फार आखूड असायची. चर्चमधली बाकी मंडळी जेवणाआधी हात धरून बराच वेळ प्रार्थना करायची. मावशींची पाळी आली की, "देवा, पानं वाढली. आभार. आमेन." संपलं. "त्याला बाकीची पण कामं आहेत," असं त्या म्हणायच्या. गाणी मात्र त्या मन लावून म्हणायच्या, आणि संपूर्ण बेसूर. गटात एक निवृत्त संगीत शिक्षक होते. ते मावशींच्या शेजारी उभे राहायचे ते केवळ सज्जन होते म्हणून.

आम्ही गावातल्या चर्चच्या तळघरात, घडीच्या खाटांवर राहिलो. पहिल्या संध्याकाळी मावशींनी थालीपिठं केली. "यांच्यासाठी तिखट निम्मं केलंय," असं त्यांनी आम्हाला सांगितलं. ते निम्मं नगरच्या हिशेबानं होतं. पास्टर डॅन यांचे कान लाल झाले. छप्पर घालायला आलेला एक आडदांड माणूस बाहेर जाऊन बर्फ चघळत उभा राहिला. मावशींना काडीचाही पश्चात्ताप झाला नाही. "डोंगरात थंडी असते," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तो आडदांड माणूस रांगेत पहिला होता आणि सोबत दह्याचा मोठा डबा घेऊन आला होता.

आम्हाला दिलेलं घर लोरेनबाईंचं होतं. ओढ्याच्या काठावर, उतारावर. लोरेन सत्तरीच्या पुढची, उंच, हडकुळी, कुणाच्याही बोलण्यावर भुवई उडवणारी बाई. ओढ्याचं पाणी तिच्या खिडक्यांपर्यंत चढलं होतं. आधी आलेल्या गटांनी ओल्या भिंती सोलून काढल्या होत्या. आता नुसता लाकडी सांगाडा उभा होता आणि आम्हाला त्यावर नव्या भिंतींचे पत्रे बसवायचे होते. पत्रे म्हणजे जिप्समचे. फक्त स्वयंपाकघरातला एक कोपरा, सिंकच्या बाजूचा, अजून तसाच चिखलानं भरलेला होता.

कामाला लागण्याआधी पास्टर डॅन यांनी एकच नियम सांगितला. घरातली कोणतीही वस्तू मालकिणीला दाखवल्याशिवाय फेकायची नाही. अंगणात निळी ताडपत्री पसरली होती. जे सापडेल ते तिच्यावर ठेवायचं, लोरेन येऊन पाहील, ती ‘जाऊ दे’ म्हणाली तरच रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यावर टाकायचं. मावशींनी त्याचं मराठी केलं, "विचारा, मग उचला."

मी व्यवसायानं प्रोजेक्ट मॅनेजर. उरलेलं काम दिसलं की मला अस्वस्थ होतं. स्वयंपाकघर रिकामं केल्याशिवाय भिंती होणार नाहीत, भिंती झाल्याशिवाय पुढचे लोक येणार नाहीत, हे माझ्या डोक्यात आपोआप मांडलं गेलं. लोरेन शेजारच्या घरी कुणाशी तरी फोनवर विम्यावरून भांडत होती. सिंकखालचं कपाट फोडलं तर आत चिखलाचे जड, गंजलेले गोळे. मी त्यांना लोखंडाचे तुकडे समजलो. खरं सांगायचं तर काहीच समजलो नाही. घमेल्यात भरले आणि ढिगाऱ्यावर नेऊन टाकले. नंतर त्यावर दुसऱ्यांनी जुनं बेसिन, कमोड, भिजलेली गादी टाकली. स्वयंपाकघर लख्ख झालं. मला फार बरं वाटलं.

दुपारी लोरेन आली. ताडपत्रीवरून फिरली. मग सिंकच्या जागी जाऊन उभी राहिली.

"माझे तवे दिसत नाहीत," ती म्हणाली. "लोखंडी तवे. इथे खाली होते."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण तो कोपरा माझा होता.

"इथे काही नव्हतं," मी म्हणालो. "पुराच्या पाण्यात गेले असतील कदाचित. सॉरी."

तोच आवाज. ‘यंदा माणसं पुरेशी झाली आहेत’ लिहिताना मनात होता तोच, मऊ, काळजी करणारा. मला तो ओळखू आला. मावशी दाराशी चहाचा थर्मास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी लोरेनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज, मीठ द्या म्हणावं तसं, मराठीत म्हणाल्या,

"कमिटी, झाकण काढ."

मेधा मान खाली घालून पायानं भुसा गोळा करायला लागली. बाकी कुणाला कळलं नाही, पण सगळे थांबले होते. मी लोरेनला म्हणालो, "तवे इथेच होते. मीच फेकले. तुम्हाला विचारलं नाही. आणि आत्ता तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

लोरेननं भुवई उडवली. "कुठे फेकलेस?"

"ढिगाऱ्यावर."

"मग इथे का उभा आहेस?"

ढिगारा उचलायला कौंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचा, ट्रक येतो, त्याला लोखंडी पंजा असतो. तो रस्त्याच्या त्या टोकाला दिसत होता. मी धावलो. गादी ओढली, बेसिन लोटलं. मावशी साडीचा पदर खोचून खालून सूचना देत होत्या. "डावीकडे! अरे, तुझं डावं! कमोडच्या खाली बघ, कमिटी! हात घाल, चावत नाही तो!" तो आडदांड छपरवाला माझ्या मदतीला चढला. पास्टर डॅन ट्रकसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि मावशींनी ड्रायव्हरच्या दिशेनं अशी शिट्टी वाजवली, की त्यानं इंजिनच बंद केलं आणि खाली उतरून मजा बघायला आला. शेवटी मी चिखलाचा पहिला गोळा वर धरला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आयुष्यात कधी, कुठल्याही प्रोजेक्टला, तशा टाळ्या मिळालेल्या नाहीत.

मी ते तवे लोरेनसमोर ठेवले.

"हे माझ्या सासूचे," लोरेन म्हणाली. "बाई मला मुळीच आवडायची नाही. पण तिच्या तव्याला कॉर्नब्रेड कधी चिकटला नाही. आणि हनी, माझी वस्तू न विचारता फेकणारा तू पहिला पुरुष नाहीस. पहिल्याला मी घटस्फोट दिला."

मावशींनी मेधाकडून भाषांतर करून घेतलं नाही. त्यांना सगळं कळलं होतं. त्या लोरेनच्या दंडावर हात आपटून इतक्या हसल्या की लोरेनलाही हसावं लागलं. त्या दिवसापासून त्या दोघींची मैत्री झाली. मैत्री म्हणजे भांडण.

कारण मावशींनी तवा हातात घेतला, नखानं गंज खरवडला आणि जाहीर केलं, "हा बिडाचा तवा आहे. मरत नाही हा." नगरला त्यांच्या आईकडे असाच होता. त्यांनी ओढ्याकाठची वाळू मागवली, मला तारेचा ब्रश दिला आणि चर्चच्या अंगणात बसवलं. घास. घासून झालं की धुवायचा, गॅसच्या शेगडीवर सुकवायचा, तेल लावायचं, धूर निघेपर्यंत तापवायचा, पुन्हा तेल. मग अर्धा कांदा काट्याला टोचून त्यानं तवा पुसायचा.

"कांदा?" लोरेन म्हणाली. "कांदा कशाला? चरबी लाव. बेकनची."

"नो बेकन. ऑनियन."

"माझी सासू बेकनच लावायची."

"युवर सासू यू नॉट लाइकिंग!" मावशी म्हणाल्या.

लोरेननं दुसरा तवा स्वतःकडे ओढून घेतला. शेवटी तह झाला. एका तव्याला कांदा, एकाला बेकन. गावात बातमी पसरली. बघता बघता लोक आपापले गंजलेले तवे, कढया, एकजण तर चिखलात बुडालेला वॉफलचा लोखंडी साचा घेऊन आला. ज्यांची घरं गेली होती त्यांच्याकडेही तवा होता, कारण लोखंड वाहून जात नाही, तिथल्या तिथे गाळात बसतं. चर्चच्या अंगणात आमची रांग बसली. पास्टर, छपरवाला, कौंटीच्या ट्रकचा ड्रायव्हर, सगळे तवे घासत होते. मावशी मधून फिरत होत्या. "जोर नाही का हाताला? ब्रेकफास्ट कुणी खाल्ला मग?" इतक्या महिन्यांत या लोकांना वस्तू टाकायलाच मदत मिळाली होती, असं पास्टर डॅन म्हणाले. परत मिळाल्याचा तो पहिला दिवस होता. एक म्हातारा आपली काळी चकचकीत कढई आरशासारखी धरून बराच वेळ तिच्यात पाहत होता. मग म्हणाला, "ही माझ्यापेक्षा बरी दिसतेय."

ऊन उतरायला लागलं तेव्हा मावशींनी लोरेनच्या कांदेवाल्या तव्यावर घावन घातले. पहिला चिकटला. "पहिला तव्याचा," म्हणून त्यांनी तो खरवडून बाजूला केला. दुसऱ्याला सुंदर जाळी पडली आणि तो काठापासून आपोआप सुटला. मी शेजारी बसून शेवटचा तवा घासत होतो. बाकीचे लोरेनच्या कॉर्नब्रेडभोवती जमले होते. तिथे फक्त मी आणि मावशी होतो. मला वाटलं, आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही.

"मावशी, मला तुम्हाला सॉरी म्हणायचंय."

"झाकण," त्या तव्याकडेच पाहत म्हणाल्या.

मग मी सांगितलं. चर्चमधला बोर्ड, फोटो, ते दोन फोन, मेसेज. माणसं पुरेशी नव्हती, हेही. हात चालूच होता, कारण थांबवला असता तर बोलता आलं नसतं.

मावशींनी घावन उलटला. "मला माहीत होतं."

"कसं?"

"मोदकांना माणसं पुरेशी झाली म्हणणारं मंडळ जगात कुठे असतं का रे?"

त्यांनी घावन प्लेटमध्ये घालून माझ्या हातात दिला; मी तवा खाली ठेवून खायला लागलो.

"हॉस्टेलात निम्म्या मुली हिंदू होत्या," त्या म्हणाल्या. "गणपतीला घरी जाता यायचं नाही म्हणून रडायच्या. त्यांच्यासाठी शिकले मी मोदक. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. लपवायचं काय त्यात? माझं नाव रूथ आहे हे मी मरेपर्यंत कशाला लपवेन?" मग पुढच्या घावनाची कड सोडवत म्हणाल्या, "तुझा मेसेज आला तेव्हा तांदूळ धुवून, वाळवून, दळून झाले होते माझे. तेवढं मात्र वाईट वाटलं."

"त्या पिठाचं काय केलंत?"

त्यांनी माझ्या हातातल्या प्लेटकडे बोट दाखवलं. "खातोयस की. फ्रीझरमध्ये टिकतं. राग पण टिकतो, पण फ्रीझर लहान आहे आमचा."

मी मान वळवून बाहीनं डोळे पुसले. त्यांनी माझ्या प्लेटमध्ये दुसरा घावन टाकला. "रडू नको, मीठ बेताचं घातलंय. आणि हे मला सांगून काय उपयोग? तवा लोरेनचा होता म्हणून लोरेनला सांगितलंस. मोदक कुणाचे फुटले?"

"मंडळाचे."

"मग?" त्या म्हणाल्या आणि ओरडल्या, "लोरेनबाई! कम, कम! ऑनियन विनिंग!"

लोरेननं घावन खाल्ला, चघळला, भुवई उडवली आणि म्हणाली, "वाईट नाही." मग आणखी दोन घेतले.

आम्ही निघालो तेव्हा लोरेनच्या घराला भिंती उभ्या राहिल्या होत्या. रंग नव्हता, फरशी नव्हती, पण आतून बाहेरचं दिसत नव्हतं एवढं झालं होतं. स्वयंपाकघरात लोरेननं दोन खिळे ठोकून दोन तवे शेजारी शेजारी टांगले होते. व्हॅन सुटताना तिनं मावशींच्या हातात बेकनच्या चरबीची बरणी दिली. मावशींनी तिला कांद्यांची पिशवी दिली. दोघीही हसत नव्हत्या. वाटेत मेधानं मला विचारलं, "तवा घासताना काय बोलत होतास रे एवढं?" मी तिलाही सांगितलं. तिनं माझ्या फोनवरचा तो मेसेज काढून वाचला. मग म्हणाली, "आता मंडळात सांगणार ना?"

सोपं नव्हतं ते. पुढच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तर आमचे अध्यक्ष श्रीकांत म्हणाले, "अरे, बोलाव ना मावशींना. कुणाची ना आहे? पण जुनं उकरून कशाला काढायचं? शेवटी आपण म्हणतोच की, काही चुकलं असेल तर क्षमस्व. त्यात सगळं आलं."

खरंच, दर वर्षी म्हणतो. आभारप्रदर्शनाचं शेवटचं वाक्य तेच असतं आणि ते म्हणायचं काम माझ्याकडे असतं. इतकी वर्षं मी ते म्हणत आलो, आणि म्हणता म्हणता हॉलमधली मुलं कुठे पळतायत ते बघत आलो.

मी मावशींना फोन केला. त्या लगेच हो म्हणाल्या. अट नाही, टोमणा नाही. "पीठ मी आणते. नारळ तू बघ." मी काही बोललो नसतो तरी त्या आल्या असत्या, मोदक झाले असते आणि सगळं गोड झालं असतं. मला सुटायला इतकी छान वाट कुणी करून दिली नव्हती.

गणपतीच्या दिवशी त्या सकाळीच हजर झाल्या. साडीवर पिवळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. दोन महिन्यांनी मुलाची दूरच्या राज्यात, नोवायला बदली होती, तिकडे गाड्यांच्या कंपनीत. हे त्यांनी येतानाच सांगितलं होतं आणि तिथल्या मंडळाचा फोन नंबरही मिळवला होता. स्वयंपाकघरात दिवसभर शिट्ट्या वाजत होत्या. एकही मोदक फुटला नाही.

आभारप्रदर्शनाआधी मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. विचारा, मग उचला.

"मावशी, तुमचं नाव घेऊन सांगू का?"

त्या शेवटच्या मोदकाच्या कळ्या काढत होत्या. बोटं थांबली नाहीत. "पूर्ण नाव घे. साळवे साळवे करून तुम्ही माझं नाव खाल्लंत."

मी माइकसमोर उभा राहिलो. देणगीदारांचे आभार झाले, स्वयंसेवकांचे झाले. लोक उठायच्या बेतात होते, कारण पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. मी ते म्हणालो नाही. मी दुसरं म्हणायला लागलो, पण आवाज असा आत गेला की पहिल्या रांगेतल्या श्रीकांतनाही कळेना. ते भुवया जवळ आणून माझ्याकडे पाहत होते.

हॉलच्या मागच्या टोकाला स्वयंपाकघराचं दार उघडलं. रूथमावशी उंबऱ्यात उभ्या होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे. आठवताना त्या मला नेहमी तिथेच दिसतात. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि एकदाच वाजवली. हॉल चिडीचूप झाला.

"ऐकू येत नाही, कमिटी!" त्या ओरडल्या. लोक हसले. पांढऱ्या हातानं त्यांनी खूण केली: मोठ्यानं.

मी माइक जवळ घेतला आणि पहिल्यापासून म्हणालो.

"गेल्या वर्षी आपल्या रूथ साळवेमावशी ख्रिस्ती आहेत हे मला कळलं आणि मी त्यांना मोदकांच्या कामातून काढलं. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. माणसं पुरेशी झाली आहेत, असं मी त्यांना खोटं सांगितलं. तुमचे मोदक फुटले ते त्यामुळे. त्या दिवशी मी तुमच्याबरोबर हसलोसुद्धा. मावशी, हे मी केलं. माझं चुकलं."